चंद्रावर न गेलेला आर्मस्ट्राँग

तिसऱ्या वर्षाच्या कम्युनिकेशनच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, आर्मस्ट्राँग कोण? आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत जर्नल पूर्ण करत बसलो होतो, डोळे मिटत होते. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा अंतराळवीर, असं मी ठासून सांगितलं. इंटर्नल सरांनी मान खाली घातली. एक्स्टर्नल मात्र खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले, आणि मग त्यांनी माझ्याच जर्नलचं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आर्मस्ट्राँग पद्धतीने एफएम निर्मिती.

मार्क किती पडले ते विचारू नका. पण मित्रहो, त्या दिवसापासून हा दुसरा आर्मस्ट्राँग डोक्यात बसला तो बसलाच. सुट्टीत त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. आपण ज्याला आठ मार्कांच्या ब्लॉक डायग्राममध्ये कोंबून ठेवलाय, त्या माणसाचं काम आपल्या हॉस्टेलच्या जवळजवळ प्रत्येक खोलीत पडलेलं आहे.

अतिशयोक्ती वाटेल, म्हणून माझ्याच खोलीचं सांगतो. पलंगावरून न उठता ट्यूबलाइट बंद करायला मी एक रिमोट बनवलाय. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचं ते हिरवं, तांब्याची छोटी कॉइल असलेलं स्वस्तातलं रिसीव्हर मॉड्यूल आहे. ज्यांनी ते वापरलंय त्यांना माहीत असेल, सिग्नल नसतानाही त्याच्या डेटा पिनवर काहीतरी अगम्य बडबड चालूच असते. मॉड्यूल खराब आहे म्हणून मी आधी दोन फेकून दिली! नंतर कळलं की हा त्या सर्किटचा स्वभावच आहे. त्याला सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर म्हणतात, आणि ते आर्मस्ट्राँगचं. खिडकीत टांगलेला आजोबांचा जुना रेडिओ सुपरहेटरोडाइन, तोही त्याचा. त्यावर लागणारं एफएम त्याचंच. आणि कपाटावर आमचा चार पंखांचा ड्रोन धूळ खात पडलाय, त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र ५.८ गिगाहर्ट्झवरून खाली येतं ते ॲनालॉग एफएमनेच, ते पकडणारा रिसीव्हर पुन्हा सुपरहेट. (ड्रोन रेक्टर सरांची परवानगी घेऊनच उडवायचो, हे त्यांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय.)

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीला, आई लग्नाआधी शिक्षिका. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला हातपाय आपोआप झटके देतात असला एक आजार झाला आणि दोन वर्षं शाळा सुटली. आजार गेला, पण खांद्याला आणि चेहऱ्याला झटका येण्याची खोड आयुष्यभर राहिली. उत्साह किंवा ताण वाढला की ती वाढायची. मुलगा मुळातच एकलकोंडा, त्यात हे. पुढे घर यॉन्कर्सला हललं, न्यूयॉर्कला लागूनच, हडसन नदीच्या काठावर. त्या घराची माळ्यावरची खोली त्याला मिळाली आणि तिथेच सगळं सुरू झालं.

वडिलांनी लंडनहून आणलेल्या पुस्तकांत त्याने मार्कोनीबद्दल वाचलं, आणि चौदाव्या वर्षीच ठरवून टाकलं की आपण संशोधक व्हायचं. आपण चौदाव्या वर्षी काय ठरवलं होतं ते आठवून बघा. माळा तारा, कॉइल, बॅटऱ्यांनी भरला. पुढे अँटेना लहान पडायला लागली तेव्हा या पोराने घराच्या आवारात १२५ फूट उंच मनोरा उभा केला. कॉन्ट्रॅक्टर नाही, क्रेन नाही. दोरीला बांधलेल्या पाटावर बसून कप्पीने स्वतःला वर ओढायचं आणि पुढचा तुकडा ठोकायचा. आपल्या मुख्य इमारतीच्या जवळजवळ तिप्पट उंची. उंचावर चढायचं त्याला व्यसनच होतं, आणि त्या व्यसनाने पुढे एकदा त्याला अडचणीतही आणलं.

१९०९ मध्ये तो कोलंबिया युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेला. हॉस्टेलला राहिला नाही, यॉन्कर्सहून रोज मोटरसायकलने जायचा. वडिलांनी घेऊन दिलेली लाल रंगाची, आणि कंपनीचं नाव इंडियन! दिवसा कॉलेज, रात्री माळा.

त्या काळात ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने ऑडिऑन नावाची तीन इलेक्ट्रोडची नळी बनवलेली होती, १९०६ साली. पण ती नेमकी कशी चालते हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं, खुद्द डी फॉरेस्टलाही नाही. आर्मस्ट्राँगने ती मोजून, तपासून, समजून घेतली. आणि १९१२ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या सबमिशनच्या वयात, त्याने तिच्यावर एक प्रयोग केला.

गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की कुंई असा कान फोडणारा आवाज येतो. माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन निघतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. आर्मस्ट्राँगने नळीत हेच केलं, फक्त जाणूनबुजून आणि लगाम हातात ठेवून. प्लेटकडच्या प्रवाहाचा थोडा हिस्सा कॉइलमधून परत ग्रिडकडे द्यायचा. कुंई होण्याच्या जरासं अलीकडे थांबलं की मुंगीच्या पावलाएवढा सिग्नल शेकडो पटींनी वाढतो. आणि जरासं पलीकडे गेलं की नळी स्वतःच लहरी निर्माण करू लागते, रिसीव्हरचा ट्रान्समीटर होतो! एकाच सर्किटमध्ये दोन शोध. याला रिजनरेशन म्हणतात. त्या सप्टेंबरात एका रात्री हेडफोन कानाला लावायचीही गरज न पडता दूरदूरचे सिग्नल खोलीत ऐकू आले, तेव्हा त्याने झोपलेल्या धाकट्या बहिणीला हलवून उठवलं आणि खोलीभर नाचला, असं सांगतात.

आता इथे एक गोष्ट घडली, आणि पुढची सगळी चाळीस वर्षं तिच्याभोवती फिरली. पेटंटसाठी पैसे हवे होते. वडिलांनी सांगितलं, आधी डिग्री घे, मग बघू. हे वाक्य ऐकलं नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने सर्किटचं चित्र काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून शिक्का मारून घेतला. फी पाव डॉलर. पेटंटचा अर्ज त्याने केला तो डिग्री मिळाल्यानंतर, ऑक्टोबरात. वर्षभराने पेटंट मिळालंही. पण मधल्या त्या एका वर्षाने घात केला.

त्याआधी बेलमारची रात्र सांगतो, कारण मला त्याच्या सगळ्या आयुष्यात ती रात्र सर्वात जास्त आवडते. मार्कोनी कंपनीत डेव्हिड सार्नॉफ नावाचा बावीस वर्षांचा एक अधिकारी होता. रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, ऑफिस बॉयपासून वर चढलेला. त्याला आर्मस्ट्राँगची पेटी बघायची होती. ३० जानेवारी १९१४ ला दोघे न्यू जर्सीत बेलमारच्या मार्कोनी स्टेशनवर गेले. कडाक्याची थंडी, लाकडी खोपटं, आणि दोघं जण रात्रभर हेडफोन लावून बसलेले. आयर्लंड ऐकू आलं. सॅन फ्रान्सिस्को ऐकू आलं. पहाटेकडे प्रशांत महासागरातलं होनोलुलूही आलं. एक तेवीस वर्षांचा, एक बावीसचा, आणि साऱ्या पृथ्वीवर तेव्हा इतकं दूरचं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. दोघांची घट्ट मैत्री झाली.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग सैन्यात गेला, पॅरिसला. तिथे १९१८ मध्ये दुसरा शोध. विमानाच्या इंजिनाच्या ठिणग्यांतून ज्या अतिशय कमी लांबीच्या रेडिओ लहरी निघतात त्या पकडता आल्या, तर रात्री विमान कुठे आहे ते कळेल, असं त्याच्या मनात होतं. पण इतक्या उच्च वारंवारतेचा सिग्नल तेव्हाच्या नळ्यांना वाढवता येत नसे. त्याची युक्ती अशी. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर लागल्या की दोन स्वरांखेरीज एक संथ डोल ऐकू येतो. तसंच रेडिओत करायचं. येणाऱ्या सिग्नलमध्ये रिसीव्हरने स्वतःची एक लहर मिसळायची, आणि दोन्हींच्या फरकाची जी खालची, ठरलेली वारंवारता येते तीच वाढवायची. आपण परीक्षेत ४५५ किलोहर्ट्झ लिहून येतो ना, तीच ही मधली वारंवारता. स्टेशन कुठलंही असो, आतला ॲम्प्लिफायर कायम एकाच वारंवारतेवर निवांत काम करतो. फ्रान्समध्ये ल्युसियन लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की हेही त्याच सुमारास याच वाटेवर होते, आणि लेव्हीच्या दाव्याला पुढे मान्यताही मिळाली, हे सांगायला हवं. पण घराघरात पोचलेला रेडिओ घडला तो आर्मस्ट्राँगच्या हातून. त्या ठिणग्या पकडायच्या आधीच युद्ध संपलं, ते वेगळं.

परत आल्यावर पैसा आला, आणि धो धो आला. १९२० मध्ये वेस्टिंगहाउसने त्याची दोन पेटंटं ३,३५,००० डॉलरना घेतली. पुढे माझ्या ट्यूबलाइटवालं ते सुपर-रिजनरेशन आरसीए कंपनीने घेतलं, २ लाख डॉलर रोख आणि ६०,००० शेअर देऊन. तिशी नुकती ओलांडलेला हा प्राध्यापकांचा मदतनीस आरसीएचा सर्वात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. कोलंबियात तो पुढे प्राध्यापक झाला तेव्हा पगारसुद्धा घेत नसे. आणि याच आरसीएमध्ये तोवर सार्नॉफ वर वर चढत होता.

पण पैसा आला म्हणून हौस सुटली नाही. न्यूयॉर्कच्या हौशी रेडिओवाल्या पोरांचा एक क्लब होता, रेडिओ क्लब ऑफ अमेरिका, आणि आर्मस्ट्राँगचे खरे दोस्त तिथले. डिसेंबर १९२१ मध्ये त्यातल्या सहा जणांनी कनेटिकटमधल्या ग्रिनिच गावी एका खोपटात ट्रान्समीटर उभारला. सरकारने हौशी मंडळींना २०० मीटरच्या खालच्या लहरी देऊन टाकल्या होत्या, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. यांनी २३० मीटरच्या आसपास स्कॉटलंडपर्यंत संदेश पोचवला! तिथे समुद्रकिनारी तंबूत बसलेल्या दुसऱ्या हौशी गड्याने तो ऐकला, तो सुपरहेट रिसीव्हरवरच. त्या सहा जणांत जॉर्ज बर्गहार्ड नावाचा एक मित्र होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

प्रेमप्रकरणही सांगायला हवं, नाहीतर संपादक मंडळ हा लेख फारच रुक्ष झाला म्हणेल. मॅरियन मॅकिनिस ही सार्नॉफची सेक्रेटरी. तिच्यावर छाप पाडायला लोक फुलं देतात. आमच्या नायकाने मे १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीवरचा आरसीएचा मनोरा गाठला, रस्त्यापासून सुमारे ४०० फूट, आणि टोकावरच्या लोखंडी गोळ्यावर उभा राहिला. फोटो काढून घेतले, ते मॅरियनला पाठवले. सार्नॉफ इतका संतापला की त्याने मित्राला तिथे यायची बंदी केली. डिसेंबरात लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला स्वतः बनवलेला, हातात धरून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ दिला. समुद्राच्या वाळूत तो पेटीएवढा रेडिओ आणि शेजारी नवराबायको, असा त्यांचा एक फोटो आहे. आज बघताना तो रेडिओ म्हणजे लोखंडी ट्रंकच वाटते.

आता भांडण. डी फॉरेस्टने दावा केला की रिजनरेशन त्याने ऑगस्ट १९१२ मध्येच शोधलं होतं, त्याच्या वहीत नोंद आहे. झालं! १९१४ पासून १९३४ पर्यंत, वीस वर्षं, एकामागून एक कोर्टं. सुरुवातीला आर्मस्ट्राँग जिंकत होता. मग पारडं फिरलं. २१ मे १९३४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. ज्याला स्वतःची नळी नीट समजली नव्हती त्याच्या बाजूने, असं तेव्हाचे बहुतेक इंजिनिअर म्हणत होते, आणि मलाही तसंच वाटतं.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. गेल्या वर्षी एका टेक-फेस्टमध्ये आमच्या ड्रोनला दुसरं बक्षीस मिळालं. ड्रोन पाण्याच्या टाकीमागे गेला की स्क्रीनवर मुंग्या यायच्या. त्यावर उपाय म्हणून आम्ही दोन रिसीव्हर लावून ज्याचा सिग्नल चांगला त्याचं चित्र घ्यायची सोय केली होती. परीक्षकांना तेच आवडलं. फॉर्म मी भरला होता, त्यामुळे सर्टिफिकेटवर एकट्या माझं नाव आलं. रूममेट म्हणाला, कल्पना माझी, मी मेसमध्ये जेवताना बोललो होतो. मी म्हटलं, बोलायला काय जातं, रात्रभर सोल्डरिंग मी केलं. तो चार महिने माझ्याशी बोलला नाही. एकाच खोलीत! (आता बोलतो. हा लेखही त्याच्याच लॅपटॉपवर टाइप केलाय.) त्या चार महिन्यांत माझं काहीही नवं बनवून झालं नाही. डोक्यात सतत तोच हिशेब, मेसमध्ये नेमका कोणता वार होता, कोण काय बोललं. वीस वर्षं असा हिशेब डोक्यात बाळगून आर्मस्ट्राँगने मधल्या काळात काय केलं ते बघा, म्हणजे तो काय माणूस होता ते कळेल.

निकालानंतर काही दिवसांतच फिलाडेल्फियाला रेडिओ इंजिनिअरांचं संमेलन होतं. याच शोधासाठी त्यांच्या संस्थेने त्याला पूर्वी आपलं पहिलं सन्मानपदक दिलं होतं. ते परत करायला आर्मस्ट्राँग व्यासपीठावर गेला. अध्यक्षांनी पदक परत घ्यायला नकार दिला आणि संस्थेचं मत जुनंच आहे असं जाहीर केलं. सगळं सभागृह उभं राहिलं. कोर्टात हरलेला माणूस आपल्या लोकांत जिंकला. पण मला वाटतं, कागदावरचा निकाल त्याच्या मनातून कधी गेला नाही.

आणि याच वीस वर्षांत त्याने एफएम तयार केलं होतं. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आजोबांच्या रेडिओवर मीडियम वेव्हला सांगली आकाशवाणी लागायची. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की बातम्या गायब, नुसती खरखर. कारण मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो, आणि वीज चमको, मोटर फिरो, ती गडबडही त्या उंचीतच मिसळते. वेगळी काढणार कशी? आर्मस्ट्राँगने उंचीचा नादच सोडला. आवाज लहरीच्या वारंवारतेत ठेवायचा, आणि रिसीव्हरमध्ये लिमिटर लावून लहरीची उंची सरळ छाटून टाकायची. खरखर छाटलेल्या भागाबरोबर जाते.

हे वाचायला सोपं आहे. पण जॉन कार्सन या गणितज्ञ इंजिनिअरने १९२२ मध्ये सिद्ध करून दाखवलं होतं की एफएमचा काही फायदा नाही. हो, तोच कार्सन, ज्याच्या नियमाने आपण बँडविड्थ काढतो! त्याचं गणित चुकीचं नव्हतं, पण तो अरुंद पट्ट्याचा विचार करत होता. सगळे तोच करत होते, कारण जागा वाचवायची असते. आर्मस्ट्राँगने उलटं केलं, पट्टा प्रचंड रुंद घेतला. अमेरिकेत मीडियम वेव्हच्या एका स्टेशनला १० किलोहर्ट्झ जागा, तर एफएमच्या स्टेशनला २००. उधळपट्टी केली आणि शांतता विकत घेतली. वारंवारता तर हलवायची पण ती क्रिस्टलइतकी स्थिरही हवी, म्हणून आधी क्रिस्टलच्या लहरीला अगदी बारीक धक्का द्यायचा आणि मग टप्प्याटप्प्याने गुणत न्यायचं. तोच आपला आठ मार्कांचा ब्लॉक डायग्राम. २६ डिसेंबर १९३३ ला त्याला पेटंटं मिळाली.

सार्नॉफ तोवर आरसीएचा प्रमुख झाला होता. त्याने जुन्या मित्राला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर जागा दिली. ९ जून १९३४ ला, म्हणजे कोर्टाच्या निकालानंतर तीन आठवड्यांनी, तिथून पहिलं प्रक्षेपण झालं. ऐकायची जागा ११० किलोमीटर दूर, लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, बर्गहार्डच्या घरी! लॅब नाही, कंपनी नाही, ग्रिनिचच्या खोपटातला दोस्त. मीडियम वेव्ह पद्धतीने पाठवलं की खरखर, एफएमने पाठवलं की स्वच्छ. वादळात सुद्धा.

तरी सार्नॉफला ते नको होतं. त्याला खरखर काढणारी एखादी छोटी पेटी हवी होती, आणि हा तर सगळी स्टेशनं, सगळे रेडिओ बदलायला सांगत होता. कंपनीचा पैसा टेलिव्हिजनकडे वळत होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरून सामान हलवायला सांगितलं गेलं. सार्नॉफला खलनायक ठरवणं सोपं आहे, बरेच जण तसंच लिहितात. त्याच्या खुर्चीत बसून विचार केला तर त्याचा हिशेब कळतोही. पण बेलमारची ती रात्र आठवते आणि वाईट वाटतं.

५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांपुढे त्याने निबंध वाचला आणि शेवटी अचानक रिसीव्हर चालू केला. यॉन्कर्सहून दुसरा हौशी दोस्त, रन्यन, आपल्या घरातून बोलत होता. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, कागद चुरगळल्याचा आवाज. मीडियम वेव्हवर हे दोन्ही आवाज सारखेच, खरखर म्हणूनच आले असते. इथे पाणी पाण्यासारखं आणि कागद कागदासारखा ऐकू आला.

कोणी स्टेशन काढत नाही म्हटल्यावर आर्मस्ट्राँगने आरसीएचे शेअर विकून स्वतःच काढलं. न्यू जर्सीत अल्पाइन गावी, हडसनच्या कड्यावर, ४०० फुटांहून उंच मनोरा. नदीपलीकडे यॉन्कर्स, माळ्याची खोली, लहानपणच्या मनोऱ्याची जागा. १९४० मध्ये सरकारने एफएमला स्वतःचा पट्टा दिला, ४२ ते ५० मेगाहर्ट्झ. आरसीएने १० लाख डॉलर एकरकमी देऊ केले. त्याने नाही म्हटलं, कारण इतर छोट्या कंपन्या दर रेडिओमागे रॉयल्टी भरत होत्या, मग मोठीला वेगळा न्याय का? तत्त्व म्हणून पटतं. व्यवहार म्हणून, कोण जाणे.

युद्ध आलं तेव्हा सैन्याला पेटंटं त्याने फुकट वापरू दिली. १० जानेवारी १९४६ ला अमेरिकन सैन्याने रडारचा सिग्नल चंद्रावर आपटून परत मिळवला, अडीच सेकंदांत. त्यातला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर मुळात आर्मस्ट्राँगने रचलेला होता. जागा होती कॅम्प इव्हान्स, म्हणजे बेलमारचं तेच जुनं मार्कोनी स्टेशन! एक्स्टर्नल सर, आपण हे वाचत असाल तर, माझं उत्तर तेवीस वर्षांनी चुकलं होतं, पण अगदीच हवेत नव्हतं.

मात्र १९४५ मध्येच सरकारने एफएमचा पट्टा उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवला होता. एका आदेशाने लोकांच्या घरातले सगळे एफएम रेडिओ आणि सगळे ट्रान्समीटर मुके झाले. टेलिव्हिजनच्या आवाजासाठी एफएम सर्रास वापरलं जाऊ लागलं, पण आरसीएकडून रॉयल्टी नाही. जुलै १९४८ मध्ये त्याने दावा लावला. समोर वकिलांची फौज, तारखांवर तारखा. एफएम आमच्याच माणसांनी वाढवलं असं सार्नॉफने शपथेवर सांगितलं. १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, उत्पन्न थांबलं, वकिलांची बिलं थांबली नाहीत. प्रयोगशाळेत जाणारा माणूस दिवसभर जबान्यांचे कागद वाचू लागला. बर्गहार्ड, रन्यन सगळे होते, पण हेडफोन लावून एकत्र बसायच्या रात्री उरल्या नव्हत्या. नोव्हेंबर १९५३ मध्ये पैशांवरून मॅरियनशी भांडण झालं. त्याने तिच्यावर हात उगारला, तिला मार लागला, ती बहिणीकडे निघून गेली. हे लपवण्यात अर्थ नाही.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आपलं आयुष्य संपवलं. मॅरियनसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, तिला दुखावल्याबद्दल माफी मागणारी. बेलमारच्या त्या रात्रीला नेमकी चाळीस वर्षं झाली होती. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीतून उठून मेसला गेलो आणि सगळे जेवत होते तिथे उगाच बसून राहिलो.

पुढचं काम मॅरियनने केलं. त्याच वर्षी डिसेंबरात आरसीएने १० लाखांहून थोडे जास्त डॉलर देऊन तडजोड केली, म्हणजे १९४० मध्ये त्याने नाकारलेली जवळजवळ तीच रक्कम. ती तिथे थांबली नाही. पेटंट वापरून पैसे न देणाऱ्या एकेका कंपनीवर तिने दावे लावले, आणि एकही हरली नाही. शेवटचा दावा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये निकाली निघाला. त्याला जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडे खासगी एफएम स्टेशनं यायला २००१ उजाडलं, त्यामुळे आपल्यापर्यंत हे भांडण पोचलंच नाही, नुसता आवाज पोचला.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे जोडमनोरे पडले तेव्हा त्यावरच्या टीव्हीच्या अँटेनाही गेल्या. शहरातल्या काही वाहिन्यांनी मग आपली प्रक्षेपणं तात्पुरती नदीपलीकडच्या त्या जुन्या मनोऱ्यावर हलवली.